लाभ

दर पंधरा मिनिटांनी नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या,
आणि तो बोलेल ते जसंच्या तसं.
शुद्धलेखन सोडा, नंदगडकर बाई,
असं डॉक्टर अंकलीकर म्हणाले होते.
बेळगाव कॅम्प, बंगल्याची मागची खोली,
खिडकीवर घोंगडं टांगलेलं. त्रेसष्टचा मार्च.
औषध बासेलहून आलेलं, काचेच्या कुप्यांत,
फ्रीजमध्ये डॉक्टरीणबाईंच्या लोण्याशेजारी राहायचं.
वास नाही, रंग नाही.
एवढ्याशा पाण्यानं काय होणार, मला वाटायचं.

आदगोंडा चौगुले. वय एकेचाळीस.
निपाणी, तंबाखूची वखार, तोलारी.
तक्रार: मोजणं थांबत नाही.
कौलं मोजायचा, ताटातली शितं, बायकोचे श्वास.
हे बायकोनंच सांगितलं, दाराशी, पदर दातांत धरून.
रात्री माझा श्वास जरा लांबला
की हलवून उठवतात, म्हणाली.
विजेचे झटके आधीच देऊन झालेले.
किती, ते डॉक्टरांनी विचारण्याआधी त्यानं सांगितलं.
अकरा.

नऊ दहा. औषध दिलं.
नऊ पंचावन्न. भिंतीचा चुना श्वास घेतोय म्हणाला.
दहा वीस. हसला. कारण दिलं नाही.
दहा चाळीस. मोजणं बंद.
गिरणीचा पट्टा उतरल्यावर होतं
तसं झालं खोलीत.

डॉक्टरांना कानडी यायचं ते बाजारापुरतं.
ते मराठीत विचारत, तो कानडीत उत्तरे.
त्याच्या आतून जे वर यायचं
ते आधी माझ्या हातात यायचं.

साडेअकरा. मळ्यातलं पेव उघडलंय.
जोंधळा काढायचाय, पाहुणे आलेत.
आत आधी कंदील सोडायचा असतो,
विझला तर उतरायचं नाही.
कंदिलात तेल नव्हतं.
अक्का उतरली. मी काठावर,
बुट्टी वर आली की मोजायची.
आणि सात वर्षांच्या आवाजात म्हणाला:
लाभ.

आमच्यात माप टाकताना एक म्हणत नाहीत.
त्यांच्यातही नाही.
पहिलं माप दोघांचंही लाभ.
भाषा फुटते ती दुसऱ्या मापाला.
मी पेन्सिल धरून बसले,
आता दोन येतंय की एरडु.
काहीच आलं नाही.
लाभ, तो म्हणाला. लाभ.
दोरी हलवल्यासारखा हात हलला.

बारा पाच. मेल बा अक्का, मेल बा.
काय म्हणतोय, डॉक्टर म्हणाले.
वर ये म्हणतोय.
कुणाला?
अक्काला, मी म्हटलं. आणखी काय सांगणार होते?

मग नाडी बघणारं माझंच मनगट धरून
त्यानं स्वच्छ मराठीत विचारलं,
तुझा कंदील जळतोय नव्हं?
नर्सनं बोलायचं नसतं, असा नियम होता.
हो, मी म्हटलं. जळतोय.
एवढं एकच त्या वहीत नाही.

सहा वेळा औषध दिलं. पावसाळ्यापर्यंत तो बरा झाला.
डॉक्टरांनी बंगळूरला निबंध वाचला,
त्यात आ. चौ., पुरुष, विवाहित.
टाळ्या पडल्या म्हणे.
इकडे वखारीनं त्याला काढलं.
आकडा मनात राहत नाही
तो तोलारी काय कामाचा.

दोन वर्षांनी बासेलचं पत्र आलं,
यापुढे पुरवठा नाही.
उरलेल्या चार कुप्या डॉक्टरांनी बेसिनमध्ये ओतल्या.
मी नळ बराच वेळ सोडून ठेवला,
कशाला, कोण जाणे.

त्याची बायको एकदा आली होती, दिवाळीच्या आसपास,
भुईमुगाच्या शेंगा घेऊन.
झोपतात आता, म्हणाली. गाढ.
मीच जागी असते, ऐकत.
मग पिशवी उघडली, शेराचं माप भरलं,
माझ्या सुपात ओतलं, लाभ म्हणाली
आणि थांबली.

पुढचं मी म्हटलं.
कुठल्या भाषेत, ते आता आठवत नाही.