क्षार

वरूडच्या लॅबमधून कागद आला
तेव्हा मी लॅटरलच्या टोकाशी बसून
एकेक ड्रिपर पिनेनं खरवडत होतो.
आमच्या बोअरचं पाणी जड.
दिसायला नितळ,
पण चार वर्षांत नळीच्या आत
पांढरं काही असं बसतं की
सुरुवातीची झाडं डेरेदार
अन् शेवटची तीन
भर आंबियात पानं गुंडाळून उभी.

कागदावर होतं, तीनशे बारा.
"माह्या आंगात चरबी?" मी डॉक्टर पोहेकरांना म्हटलं,
"शर्ट काढू का? फासळ्या मोजा."
ते हसले नाहीत.
विचारलं, वडील कशानं गेले?

बाबा, गुणवंतराव, वय चव्वेचाळीस,
तोडणीच्या दिवशी, क्रेट खांद्यावर असताना
बसले. नुसते बसले.
लोक म्हणाले, दुपारचं काही लागलं.
मामा म्हणाला, ऊन.
आईनं कांदा फोडून नाकाशी धरला.
तो माणूस जन्मभर ज्वारीची भाकर
अन् अंबाडीची भाजी जेवला;
लग्नातल्या तर्रीचा तवंगसुद्धा
चमच्यानं बाजूला सारायचा.

त्यांच्या पापण्यांच्या कोपऱ्यात, नाकाकडून,
दोन पिवळे चट्टे होते,
रंग धरू लागलेल्या संत्र्याचे.
आत्या म्हणायची, लक्ष्मी बसली डोळ्याशी.
हे सांगितलं तेव्हा
डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

मग ते बोलले ते मी माझ्या भाषेत ऐकलं.
ही चरबी वैरी नाही.
पेशीची भिंत तिच्याशिवाय उभी राहत नाही;
तुम्ही उपाशी झोपा, यकृत ती रांधतंच.
रक्तातून तिच्या गाड्या फिरतात,
काही माल पोचवतात,
काही उरलेला उचलून परत आणतात.
तुमच्या घराण्यात माल उतरवून घेणारं दार
जन्मापासून अर्धं लावलेलं.
म्हणून तो रस्त्यावरच राहतो.
पडतो. बसतो.
दुखत काहीच नाही.
दुखतं तेव्हा शेवटची तीन झाडं वाळलेली असतात.
हे ते नाही म्हणाले. मीच म्हणालो.

"मंग ॲसिड सोडता नाही येत का साहेब, नळीतून?"
आम्ही सोडतो तसं: रात्रभर कोंडून ठेवायचं,
सकाळी टोकाचं झाकण काढलं की
आधी गढूळ, मग दुधाळ, मग स्वच्छ धार.
"तुमच्या नळीला टोकाचं झाकण नाही," ते म्हणाले.
"रोज रात्री एक गोळी. कायमची."
कायमची हा शब्द मी खिशात घालून आणला,
गाडीवर तो रस्ताभर टोचला.

मग घरातल्या सगळ्यांनी रक्त दिलं.
धाकटा भाऊ मोकळा निघाला,
आठवड्यातून दोनदा ढाब्यावर जाणारा.
त्याला हसू आवरेना. मग आवरलं.
माही समीक्षा, नववीत,
कबड्डीच्या तालुका संघात,
दोनशे अठ्ठ्याऐंशी.
"येवढे मार्क पडले असते तर
पेपरात फोटो आला असता, बाबा."

आईनं तुपाची बरणी उचलून शेजारी देऊन टाकली.
मी परत आणली.
तुपाचा दोष नाही असं नाही, आई,
थोडा हात आखडूच.
पण हे बाबांकडून आलं, त्यांना त्यांच्या बापाकडून,
सातबाऱ्यासारखं;
फक्त फेरफाराला तलाठ्याकडे जावं लागलं नाही.

गुरुवारी तिला नागपूरला दाखवायचं आहे.
ती बूट घालायला वाकली की
माझी नजर टाचेमागच्या शिरेवर जाते,
तिथं गाठ धरते म्हणतात.
अजून नाही. की आहे?
"काय पाह्यता?" ती विचारते. काही नाही.

रात्री जेवण, मग गोळी,
मग बॅटरी घेऊन निघालो,
शेवटच्या झाडाखाली ओल आली का बघायला.
समीक्षा मागून आली, पुढे गेली.
बांधावर तिला दम लागतो का
हे ऐकत मी चाललो होतो,
तर तीच थांबली, वळून म्हणाली,
"हळू या बाबा,
मी उभी आहे."