आडवी रेघ

ढेबेवाडीच्या बाजारात, भज्यांच्या गाड्यामागं
तिघं बसतात उकिडवे :
धुळाजी येडगे, हैबती मंडले
आणि डाव्या डोळ्यानं अधू कासम शिकलगार,
ज्यानं माझ्या चुलत्याची ठासणीची बंदूक
दोनदा जुळवून दिली होती.
बंदूक आता मुद्देमालात. चुलता नाही.
माझी खाकी दिसली
की त्यांचं बोलणं कांद्याच्या भावावर येतं.

मी चार चहा सांगते,
एक बिनसाखरेचा, हैबतीबाचा,
आणि गप्प राहते.
हेही त्यांच्याच तोंडचं, लांबून ऐकलेलं :
सावज येत नसतं, आपण तिथं नाही
असं त्याला वाटावं लागतं.

तिसऱ्या घोटाला धुळाजी उघडतो.
"भेकराला डोळं हायती, पर इस्वास नाकावर.
चंचीत राख ठिवायची. चिमूटभर सोडायची.
राख ज्या अंगाला गेली
त्या अंगाचं जनावर आपलं न्हवं."

"राख कशापायी? कानाची पाळी वली कर,"
हैबतीबा म्हणतो, "गार लागंल तिकडनं वारं.
ऊन तापलं की वारं डोंगर चढतंय,
सांजचं उतरतंय.
म्हंजी सकाळी वर बस, सांजचं खाली.
यवढंच हाय. बाकी सगळ्या थापा."

"बसा, बसा," कासम म्हणतो,
"बसूनच म्हातारं झालाय दोघं.
पोरी, आख्खं भेकर हुडकायचंच न्हाई.
रानात सगळं उभं असतंय,
झाड उभं, गवत उभं, बांबू उभा.
आडवी रेघ दिसली की थांब.
ती पाठ."

मग भांडण :
भेकर भुंकलं तर हलायचं की नाही.
"ते तुला न्हाई भुंकत, बिबट्याला भुंकतंय."
"मला भुंकलंय. नाव घिऊन."
भज्यांचा तळणारासुद्धा झारा धरून हसला.
बावन्न वर्षं झाली असतील त्या भुंकण्याला,
कुणीच हललं नव्हतं म्हणे,
आणि भेकर निघून गेलं, चालत,
पळालंसुद्धा नाही.
हे सांगताना धुळाजीचा आवाज
मारलेल्या सगळ्या शिकारींपेक्षा वर होता.

यातलं काही मी नोंदवहीत लिहीत नाही.
तिथं असतं :
फासक्या काढल्या, तीन.
तार, सायकलच्या ब्रेकची.
ठिकाण, करवंदीच्या जाळीची वाट.
फासकीला वारं लागत नाही.
तिला सकाळ नाही, सांज नाही,
ती कान ओला करत नाही.

"काल चौथी सापडली," मी म्हणाले.
"मादी होती. दोन दिवसांची."

कपबशी वाजली नाही कुणाची.
"फास किती वर हुता?"
"गुडघ्यावर चार बोटं."
"आन् गाठ?"

मी बुटाची नाडी सोडली,
बाकड्याच्या पायाला घालून दाखवली :
एक वेढा, उलटा पीळ,
टोक आतून बाहेर.
कासमनं चांगला डोळा जवळ आणला.
धुळाजी बाजाराकडं बघायला लागला,
जिथं बघण्यासारखं काही नव्हतं,
गवारीचे ढीग, एक पाटी उलटी.

हैबतीबानं गाठ बोटानं चाचपली,
अंधारात मडक्याची चीर चाचपावी तशी.
सोडवली.
नाडी माझ्या हातात दिली, सरळ करून.

बराच वेळ भावच चालले होते लोकांचे.

"उद्या वर जाऊ नगंस," तो म्हणाला.
"सांजचं, वढ्याच्या खाली बस.
उंबराच्या अलीकडं.
बिडी पितो त्यो. वास आदी यील."

धुळाजी म्हणाला, "हैबती—"
"वारं उतरतंय सांजचं," हैबतीबा म्हणाला,
"सांगितलं न्हाई का मगाशी?"

आणि गाडीवाल्याला हाक मारून
अजून एक चहा मागवला, स्वतःला.
साखरेचा.