मधली फ्रेम

भुसावळ, मे महिना, रात्रीचे साडेदहा.
बाहेर अजून एकोणचाळीस,
ग्राफिक्स कार्डाच्या अंगात त्र्याऐंशी.
कूलरचं तोंड माझ्याकडून काढून
कॅबिनेटकडे फिरवलं,
तर खाटेवरून अत्तरदे काका म्हणाले,
'त्याले ताप आला का भो?'

काका शेजारचे. मालगाडीचे निवृत्त ड्रायव्हर.
त्यांच्या कूलरचा पंप सोमवारी जळला,
तेव्हापासून माझ्या खोलीत त्यांची बदली.

कार्ड सेकंडहँड, जळगावहून आणलेलं.
'माइनिंगचं नाही' म्हणून दुकानदाराने
आईची शपथ घेतलेलं.
त्याच्याकडून किती मागायचं, हाच प्रश्न.
क्वालिटी, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स,
आणि सगळ्यात खाली अल्ट्रा परफॉर्मन्स,
जिथे समोरचा शत्रू
खिशात धुतल्या गेलेल्या नोटेसारखा दिसतो.
लहान चित्र घ्यायचं, ताणायचं,
भोकं अंदाजाने बुजवायची.
तारेचं कुंपण थरथरतं.
दुर्बिणीच्या काठाला शेपूट फुटतं.

हेडफोनमध्ये लोकेश, फैजपूरहून:
'फ्रेम जनरेशन चालू कर न भो, डबल होतात.'

केलं.
कोपऱ्यातला आकडा साठवरून
एकशे चारवर गेला.
पडदा कसा, तुपासारखा.
जिने, धूर, गवत, सगळं घरंगळत आलं
आणि मी मेलो.
गोदामाच्या दारात कोणीच नव्हतं.
मी बघतच होतो, कोणीच नव्हतं,
आणि पुन्हा मेलो.
माउस हलवावा तर बंदूक
'आलो, आलो' म्हणत
चप्पल शोधणाऱ्या माणसासारखी.

काकांना समजावलं, म्हणजे स्वतःलाच.
हे दोन खऱ्या फ्रेम घेतं,
पुढची मुठीत दाबून ठेवतं,
आधी मधली दाखवतं, स्वतः रंगवलेली,
जी कधी घडलीच नाही.
मग खरी सोडतं. तोवर ती शिळी.

'म्हंजे मारणारा दारात येऊन उभा,
अन् तुले दार रिकामंच दिसतं.'
'हो.'
काका उठून बसले.
'वरणगावच्या अलीकडे एकदा, धुकं होतं.
मले पिवळा दिसला.
नव्हता.
पाहिजे होता म्हणून दिसला.'
'मग?'
'मग काय. असिस्टंटने ब्रेक मारला.'
पुढचं सांगतील म्हणून थांबलो.
त्यांनी केळी वेफर्सची पुडी मागितली.

फ्रेम जनरेशन बंद.
अपस्केलिंग क्वालिटीवर. शार्पनेस निम्म्याच्या खाली.
सावल्या एकदम कमी,
सावल्यांनी आजवर कोणाचं भलं केलंय.
आकडा पासष्ट.
नक्षी अजूनही थोडी अंदाजाची,
पण वेळेवरची.
पुढच्या फेरीत दारातला तो दिसला.
स्पष्ट. खांदा, मग नळी, मग डोकं.
तरी मेलोच.
लोकेश हसला. त्याला काय सांगणार,
की या वेळी दिसला होता.

बारा वाजता तो झोपायला गेला.
मी सरावाचा रिकामा नकाशा उघडला
आणि फ्रेम जनरेशन परत चालू केलं.
माणसं नसली की
खोट्या फ्रेमने कोणाचं बिघडत नाही.
नदीवरून, छपरांवरून, उगाच हिंडलो,
रेल्वे यार्डात उतरलो.
'थांब,' काका म्हणाले.
चष्मा लावला. डबे मोजले.
'सहाच? अन् ब्रेक व्हॅन कुठी गेली?'
नंतर बराच वेळ गप्प.
कूलरचं पाणी संपत आल्याचा आवाज.
'हे सुटत काबरं नही?'
'नुसतं चित्र आहे, काका.'
'सिग्नल तं हिरवा दिसून राह्यला.'

खरंच, हिरवाच होता.
आणि गाडी उभी,
सेकंदाला एकशे चार वेळा
उभी.