शंभर अंशांची खळी

बाहेर उणे एकतीस. गॅरेजच्या दाराखाली
कोंबलेल्या घोंगडीलाही बर्फाची दाढी आलीय.
आत हीटर, ट्यूबलाइट, आणि बाकावर
दोन डबे.

एक नवा. फोमच्या खाचांत बसलेले साचे,
जोडीजोडीने, नर आणि मादी,
तेलाने ओले, तोंडं आरशासारखी.
किंमत विचारू नका. क्लेटनने विचारली,
मग दोन दिवस माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलला.

दुसरा बिस्किटांचा, ओरेस्टचा.
त्याच्या मागे हलिना घेऊन आली कॅनोराहून.
"अर्धं विमान विकलं गेलं," म्हणाली,
"हे मात्र कुणी मागितलंच नाही."

पंखाचा पत्रा इतका पातळ
की रिव्हेटचं डोकं बुडवायला कोरत बसलात
तर भोकच उरेल हातात.
म्हणून कोरायचं नाही, वाकवायचं.
भोकाभोवती खळी पाडायची, शंभर अंशांची,
डोकं तिच्यात बसतं, आणि वारा वरून जातो,
इथे काही जोडलंय
हे त्याला कळतही नाही.

सत्तावीस वर्षं मी शाळेची बस चालवली,
खडीच्या रस्त्यावर, मागच्या बाकांवर मारामाऱ्या.
कुठला स्क्रू सैल झालाय ते आवाजावरून सांगायचे.
पण इथे आवाजाचं काम नाही.
इथे पत्रा तिरपा धरायचा ट्यूबलाइटखाली
आणि प्रकाशाची रेघ कशी चालते ते बघायचं.

उरलेले तुकडे घेतले. भोकांच्या कडा घासल्या.
नवा साचा: हातोडीचा एक ठोका,
दुसरा मनाच्या समाधानासाठी.
रेघ सरळ आली, खळीत उतरली,
पलीकडून सरळ निघाली.
काठावर एक बारीक, धारदार कडं.

ओरेस्टचा साचा: रेघ आली आणि लचकली.
खळीभोवती पत्रा दबलेला,
गादीवरून कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा.
पुन्हा केलं. वाटलं, माझाच हात.
तिसऱ्यांदाही तेच.

मापात पाप नव्हतं. मापं दोन्हींची एकच.
जुन्याचं तोंड सपाट, इतकंच;
पत्रा वाकला की जरासा मागे फिरतो
हे त्याच्या हिशेबात नाही.
नव्याच्या तोंडाला किंचित बाक,
पत्रा मागे फिरणार हे धरूनच
तो थोडं जास्त वाकवतो.
(लग्नाच्या आधी मला हे कुणी सांगायला हवं होतं.)

तर ठरलं. नवे साचे.
डबा पायाने बाकाखाली सारला.
हलिनाला काय सांगायचं ते नंतर बघू.

मग रात्री साडेदहाला सातवी बरगडी.
शेपटीकडे ती निमुळती होत जाते, आणि शेवटच्या दोन भोकांशी
नव्या साच्याचं गोल तोंड उभ्या भिंतीवर आपटतं.
बसत नाही. तिरपा धरला, उलटा धरला.
एक भोक इंग्रजी आठासारखं करून ठेवलं,
एक शिवी दिली, बरगडी बाद.

बाकाखालून डबा ओढला.
तळाशी, जुन्या डांगरीच्या चिंधीत
एक जोडी, एका बाजूने घासून सपाट केलेली.
ग्राइंडरच्या ओरखड्यांत पोलाद निळं पडलंय.
घाई केली होती त्याने, पाण्यात बुडवायला थांबला नाही.
आठव्या बरगडीच्या कोपऱ्यात ती
आढेवेढे न घेता बसली.
खळी जरा मऊ पडली. पडू दे,
वर पत्रा येणार आहे.

सकाळी हलिनाला फोन केला.
एक जोडी कामाला आली म्हटलं.
"कुठली?"
"एका बाजूने घासलेली."
बराच वेळ नुसती लाइनची खरखर.
"त्या रात्री फ्यूज उडाला होता," ती म्हणाली,
"माझा केक ओव्हनमध्ये. मी किती बोलले त्याला."
मग विचारलं, थंडी किती आहे तुमच्याकडे.

उणे एकोणतीस, मी सांगितलं.
अजून अकरा बरगड्या.