अकरा यंत्रं

बँकेने टाकून दिलेली अकरा यंत्रं
टेम्पोतून उतरली काळाचौकीच्या रात्रशाळेत.
प्रत्येकाच्या कपाळावर मालमत्ता क्रमांक,
एकाच्या पोटात वाळलेलं झुरळ,
आणि रॅम दोन जीबी,
म्हणजे एकाने विचार करायचा
तर बाकीच्यांनी गप्प बसायचं.

मुख्याध्यापक म्हणाले, मुणगेकर, फुकटातलं काहीतरी टाका.
फुकट नव्हे सर, मोकळं,
असं म्हणणार होतो
तेवढ्यात घंटा झाली.

तीन रात्री निवडत बसलो.
उबुंटू चढलं, पण दमेकऱ्यासारखं,
दर पायरीला कठडा धरून.
आर्च म्हणालं, आधी तू सांग
तुला काय काय हवंय, अगदी मुळापासून.
इतकं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
गोंधळून पेनड्राइव्ह काढून घेतला.
आणखी एक होतं, चुटकीसरशी उठणारं,
दिसायला मात्र रेशनच्या पावतीसारखं.

शेवटी डेबियन.
बेताचं, जुन्या वळणाचं, कमी बोलणारं.
पत्रिका काही जुळली नाही,
पण संसार होईल असं वाटलं.

मग छाटणी.
नसलेल्या प्रिंटरची वाट पाहणारं काढलं,
ब्लूटूथ काढलं,
उठल्याबरोबर स्वागत करणारी खिडकी काढली.
पत्त्यांचा खेळ काढायला गेलो
तर गोदीवर पहारा देणारे धुरी बाकावरून उठले:
"मास्तर, रात्रपाळीला तेवढाच सोबती."
ठेवला.

इंदुमती पेडणेकर हॉस्पिटलच्या धोबीखान्यातून थेट येतात,
बोटांना सोड्याचा वास घेऊन.
त्या पडद्याला नाक लावून म्हणाल्या,
"हा ल आपला नाही."
कुठला ल?
"हाच. दांडीचा. आपल्या ल ला पाकळी असते.
चौथीत शाळा सुटली माझी, पण ल नाही सुटला."

मी म्हणालो, बाई, वाचता तर येतोय ना.
त्या काही बोलल्या नाहीत,
नुसत्या हात मांडीवर ठेवून बसल्या,
आणि मला माझीच लाज वाटली.

त्या रात्री दीड वाजेपर्यंत फायली उघडत गेलो,
एकीच्या आत दुसरी,
दुसरीच्या आत कुणा परक्या माणसाने
लिहून ठेवलेली बारीक टीप.
शेवटी फाँटच्या कानात सांगितलं,
भाषा मराठी.
ल ला पाकळी फुटली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एका बोटाने,
चष्मा तीनदा पुसून,
मुलीचं नाव टाइप केलं:
शलाका.
श बघितला. ल बघितला.
आणि पुसलं नाही.

राहिलं एकच. खालच्या कोपऱ्यातलं "बंद करा".
तास संपला तरी ते कुणी दाबेना.
धुरी म्हणाले, या वस्तीत
बंदची पाटी पुरेशी वाचून झालीय.
बाई म्हणाल्या, तिन्हीसांजेनंतर असं बोलू नये.
दिवा मालवतात. दुकान वाढवतात.
घरातून निघतानासुद्धा
जाते म्हणतं का कुणी?

भाषांतराची फाइल उघडली.
कुणीतरी, कुठेतरी, पदरचं जागरण करून
हजारो ओळी मराठीत आणल्या होत्या.
त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला
आणि त्याची एक ओळ खोडली.

"वाढवा"ला तीन मतं.
"येते" म्हटलं तर पुरुष अडले,
"येतो" म्हटलं तर बायका.
"निजव" म्हणणाऱ्याला सगळे हसले.

आता साडेनऊला
आपापल्या पडद्याच्या कोपऱ्यात जो तो दाबतो:
येऊ?
आणि पडदे एकेक करून मान हलवतात.

सातवं तेवढं ऐकत नाही.
फिरता गोल घेऊन तसंच उजळ बसून राहतं.
बाहेर शिपाई किल्ल्या वाजवतो.
मी टेबलाखाली वाकतो,
बटण दाबून धरतो,
आणि पाचपर्यंत मोजतो.