मूठ

वडणग्याच्या हौसाक्का पोवारांनी
श्रीखंडाच्या डब्यात घालून दिली गांडुळं, पावशेर.
काट्यावर डबा ठेवत म्हणाल्या,
माती वजा करत नाही हं,
माती म्हणजे त्यांचं माहेर.

केएमटीत डबा मांडीवर घेऊन बसले.
शेजारची म्हणाली, आम्रखंड काय?
मी हो म्हटलं.
तेवढं खोटं गंगावेशीपर्यंत पुरलं.

निळं पिंप अर्धं कापून आणलं होतं उद्यमनगरातून,
बुडाला भोकं, खाली विटा, विटांमध्ये जुनं ताट.
नारळाच्या शेंड्या, जुनं शेण,
आणि सहा महिन्यांचे पेपर फाडून:
निवडणुकीचे निकाल,
तालमीच्या मॅचमध्ये शेवटच्या मिनिटाला झालेला गोल,
वाढदिवसाच्या जाहिरातीतली सगळ्या भाऊंची तोंडं.
सगळं भिजवलं.
भिजवलं म्हणजे किती?
हौसाक्का म्हणाल्या होत्या, अंदाजानं.
अंदाज मला कधी कुणी मापात घालून दिलेला नाही.

मग घरात सांगत बसले,
कांदा नको, लिंबू नको, हाडूक नको,
तांबड्याचा तळ तर अजिबात नको.
सून म्हणाली, आई, कोल्हापुरात येऊन
तिखट न खाणारे हे पहिलेच पाव्हणे.

यांनी पेपर मागितला. भिजलाय, म्हटलं.
काही बोलले नाहीत.
चौतीस वर्षं फौंड्रीत मोल्डिंग केलं,
कान तिथंच राहिले, भट्टीच्या मागं कुठंतरी.
आणि घरी बसल्यापासून हात
मांडीवर नुसते ठेवलेले असतात,
शेजारणीची परत द्यायची राहिलेली भांडी ठेवावीत तसे.

दुसऱ्या दिवशी पहाटे
गॅलरीच्या फरशीवर बारीक लाल रेघा.
काही हलत होत्या,
काही वाळून सुतळी झालेल्या.
झाकण उचललं तर आतून सगळी वर चढून चिकटलेली,
पंचगंगेचं पाणी दारात आल्यावर
दुधाळीतली माणसं माळ्यावर चढतात तशी.

मी पोस्टकार्डानं एकेक उचलत होते.
हे कधी मागं येऊन उभे राहिले कळलं नाही.
वाकले. गुडघे वाजले.
पिंपात कोपरापर्यंत हात घातला
आणि मूठ वळली.
बोटांच्या फटीतून पाणी गळलं, काळपट.

"ओली झालीया," म्हणाले,
"अशीत ओतलं तर कास्टिंगला भोकं पडतील."

आणि सहा वर्षांत बोलले नसतील एवढं बोलले.
वाळू मुठीत कशी दाबायची,
मूठ उघडली तरी मूठ उभी राहिली पाहिजे,
बोटांचे ठसे पाहिजेत, तळवा कोरडा पाहिजे,
टिचकी मारली की दोन तुकडे,
भुगा झाला तर कोरडी.
मीटर नंतर आले.
मालक मीटर बघायचा आणि मग यांना विचारायचा.

खालच्या हिंदुरावांच्या दुकानातून पुठ्ठे आणले,
अंड्यांचे ट्रे फाडले.
मूठ. ओली.
पुठ्ठा. मूठ. अजून जरा.
चौथ्यांदा ती तळव्यावर उभी राहिली,
चार बोटांच्या चार खाचा,
अंगठ्याची एक.
मला ती तशीच हातात घ्यावीशी वाटली.
यांनी टिचकी मारून मोडली.
दोन तुकडे.

परवा रात्री पाण्याला उठले तर गॅलरीत दिवा.
कुकरची शिट्टी ज्यांना ऐकू येत नाही
ते पिंपाच्या झाकणाला कान लावून बसलेले.
काय चाललंय, मी मोठ्यानं विचारलं.
बोट ओठांवर ठेवून मलाच गप्प केलं.
मग मीही दुसऱ्या बाजूनं कान लावला.
पेरूच्या साली, दुधीचा गर, फाटलेले भाऊ,
आणि त्यांच्या खाली कुठंतरी
कुणी ओलं पीठ चाळत बसावं
तसं बारीक काहीतरी, न थांबता.

"हाय आवाज?" यांनी विचारलं.
मी मान हलवली.
"नाइट शिफ्ट," म्हणाले,
आणि उठले नाहीत.