पॉइंट चारशे चौदा

जुबैलच्या कॅम्पात शुक्रवारी
दोऱ्या भरून जातात निळ्या डांगऱ्यांनी,
मेसमध्ये डाळीला फोडणी बसते,
आणि बारा नंबरच्या खोलीत, खालच्या बंकवर,
इब्राहिम पारकर फोन उताणा ठेवून
माझी वाट बघतो.

मी स्टोअरकीपर. फ्लँज, गॅस्केट, बोल्ट मोजणारा.
महाडला कधीकाळी दहावीच्या शिकवण्या घ्यायचो,
एवढं एकदा जेवताना बोलून गेलो,
तेव्हापासून अख्खा कॅम्प मला सर म्हणतो.
सुपरवायझर सोडून.

पारकरला कसली परीक्षा द्यायची नाही.
बढती नको, सर्टिफिकेट नको,
दोन वर्षांनी तो मंडणगडला कायमचा जाणार.
त्याला एकच विचारायचं होतं.
"सर, पंचेचाळीसचा ऑफसेट मारायचा
तर उंचीला गुणायचं एक पॉइंट चारशे चौदानं.
उस्तादानं सांगितलं, मी सत्तावीस वर्षं गुणलं.
एक पाइप चुकला नाय.
पण हा आकडा आला कुठून?
पयला कोणी मोजला?"

सवयीने माझा हात खडू शोधायला गेला.
खडू नव्हता, फळा नव्हता.
ॲप होतं. फुकट. कोणा अनोळखी माणसांनी
जगासाठी ठेवून दिलेलं,
आडावर पोहरा ठेवावा तसं.
वायफाय मिळेल तेव्हा उतरवून घ्यायचं,
मग नेट नसलं तरी अडत नाही.
भाषा मराठी निवडली तर
बिंदू, रेषा, वर्तुळ इथपर्यंत मराठी,
पुढच्या मेनूत एकदम इंग्रजी;
भाषांतर करणाऱ्याला तिथेच झोप लागली असावी.

पारकरचं बोट स्क्रीन ओळखत नाही.
ग्राइंडरने ठसे केव्हाच घासून नेले,
विमानतळावरचं मशीनही त्याला तीनदा नाकारतं.
थुंकी लावून त्याने बिंदू ठेवला.
दुसरा. तिसरा, चौथा. चौरस झाला.
काचेला तडा होता, कोपऱ्यातून तिरपा निघालेला.
"कर्ण कर्ण म्हणतात तो हाच काय?"
नव्हे, म्हटलं, हा फोन पडला तेव्हाचा.
कर्ण आपण काढायचा.

काढला. बाजू एक.
कर्णाशेजारी लांबी उमटली: १.४१
"चार कुठाय?"
दशांश स्थळं वाढवायची कुठे ते दाखवलं.
१.४१४

तो उठून उभा राहिला.
खिशातली टेप बाहेर काढली,
बघितली, परत ठेवली.
मग बसून स्वतःच वाढवत गेला
१.४१४२१
१.४१४२१३५६
आणखी, आणखी, ॲपची जागा संपेपर्यंत.
"थांबत नाय?"
नाही.
"कदीच?"
नाही.
"मंजे आपण बसवले ते सगळे पाइप..."
तोकडे, म्हटलं. मीटरमागे दोन-तीन केसांच्या जाडीएवढे.

वाटलं, आता हा खचणार. सत्तावीस वर्षं.
एवढ्या रिफायनऱ्या, एवढी वळणं.
तर पारकर हसायलाच लागला,
वरच्या बंकवरचा झोपलेला जागा झाला.
"तोकडा नाय सर. वेल्डरसाठी आपण फट ठेवतो ना
दोन पाइपांच्या मधी? तीन एमेम?
तुमचा उरलेला आकडा बसतो त्या फटीत.
वरून वेल्डिंग. कोणाला दिसतंय?"

अकरा वर्षं मी सांगत होतो,
लिहून घ्या, दोनाचं वर्गमूळ अपरिमेय.
पोरं लिहून घ्यायची. मीही पुढच्या गणिताकडे वळायचो.
फट कुठे ठेवायची ते
माझ्या वहीत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी त्याच्यासोबत टेकबहादूर आला,
स्कॅफोल्डिंगवाला, हातात नवाकोरा फोन.
त्याला तीन-चार-पाचचं विचारायचं होतं:
दोरी तशी ताणली की कोपरा काटकोनात बसतो, तो का?
मी तोंड उघडणार
तेवढ्यात पारकरने बंकवर सरकून जागा केली.
"बैठ," म्हणाला, "पहले बिंदू रख.
ऐसा नहीं. उंगली को थूक लगा."